देवीचे वण आणि निळं मीठ

लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढून टाकणं हे माझं एकतीस वर्षांचं काम. ठाण्यात स्टेशनजवळ एक फोटो लॅब होती, तिथे मी टचिंगला होते. आताच्या मुलांना हा शब्द माहीत असायचं कारण नाही. मागून उजेड सोडलेल्या दुधी काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं ठिपके देत बसायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. गालावरचा काळा डाग तिथे पारदर्शक दिसतो. तो पेन्सिलीनं भरला की प्रिंटमध्ये नाहीसा होतो. सुरकुत्या, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं असंच जायचं. सावळा रंग उजळायचा असेल तर निगेटिव्हवर पातळ लाल रंगाचा हात द्यायचा. माझा हात हलका होता. कल्याण-डोंबिवलीचे स्टुडिओवालेसुद्धा निगेटिव्ह आमच्याकडे पाठवायचे आणि पाकिटावर लिहायचे, 'बाईंकडेच द्या.'

या कामाचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पण एक मुलगी आठवते. ठाकुर्लीची होती. तिच्या वडिलांनी लग्नासाठी दाखवायचा फोटो आणला होता आणि रंग उजळून मागितला होता. मी दिला. पंधरा दिवसांनी ती स्वतः काउंटरवर आली. पर्समधून तो फोटो काढून तिनं आपल्या चेहऱ्याशेजारी धरला.

"हे तुम्हीच केलंत ना?"

मी हो म्हटलं.

"ती माणसं घरी आली. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. चहा पण नको म्हणाले. पुढच्या वेळी जशी आहे तशी ठेवा."

मी "बरं" म्हटलं. दोन महिन्यांनी तिचे वडील नवा फोटो घेऊन आले, तेच सांगितलं, आणि मी पुन्हा लाल रंगाचा हात दिला. वडील गिऱ्हाईक होते, मुलगी नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं.

पुढे कॉम्प्युटर आले. पेन्सिलीच्या जागी माऊस आला आणि मी तेही शिकले. मग लोकांच्या हातातच कॅमेरे आले आणि लॅब बंद झाली. मी वर्तकनगरच्या घरी खिडकीपाशी टेबल मांडलं, थर्माकोलची पांढरी पेटी केली आणि लहान वस्तूंचे फोटो काढायला लागले. खोटे दागिने, राख्या, पितळेच्या मूर्ती. घरबसल्या विकणाऱ्या बायकांना असे फोटो लागतात. माझी मुलगी ऋचा कल्याणला असते. तिनं मला फोटो दुरुस्त करायचं एक नवं सॉफ्टवेअर टाकून दिलं.

"आई, एक बटण दाबायचं की झालं. धूळ जाते, ओरखडे जातात, चेहरा असेल तर तोही छान करतं."

आणि खरंच करायचं. पितळेच्या बाळकृष्णावरचे जे डाग काढायला मला अर्धा तास लागायचा, ते चार सेकंदांत जायचे. मी खूश होते. ऋचा 'तुझी नोकरी त्यानं घेतली' म्हणून चिडवायची, तेही मला चालायचं.

अशा वेळी घरत नावाचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत पुठ्ठ्याचे खण आणि प्रत्येक खणात कापसावर एक माणूस निजवलेला. दोन पेरं उंचीची माणसं. डोक्यावर टोपली घेतलेली बाई, फावड्यानं मीठ ओढणारा बाप्या, बांधावर बसून विडी ओढणारा म्हातारा, मिठाच्या ढिगाशेजारी उभं उघडं पोर. नळाची गळती बुजवायला दोन गोळ्या मळून जी लांबी, म्हणजे पुट्टी, करतात, तिची ही माणसं केलेली आणि वर रंगवलेली. लुगड्याचे काठ होते. नखं होती. विडीचं टोक लाल होतं.

घरतांचं गाव खाडीकाठचं. घरातली सगळी मिठागरात राबलेली. ते स्वतः मानपाड्याला रंगाच्या एका कारखान्यात रंग जुळवायला होते. गिऱ्हाइकानं दिलेल्या तुकड्यासारखाच रंग नव्या घाणीत, म्हणजे एका वेळी बनवलेल्या रंगात, आला की नाही, हे डोळ्यानं सांगायचं. यंत्र होतं, पण यंत्राचं आणि घरतांचं पटलं नाही तर साहेब घरतांचं ऐकायचे, असं ते सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही माणसं करायला घेतली. मिठागरं संपली, त्यांत राबणारी माणसंही संपत आली, तर आपण निदान ती करून ठेवावीत, असं त्यांचं म्हणणं.

ठाण्यातली एक संस्था खाडीकाठच्या जुन्या व्यवसायांचं प्रदर्शन भरवणार होती. त्यांच्या रेवतीबाईंनी घरतांना बोलावलं होतं. अडचण एकच. काचेच्या कपाटात दोन पेरांची माणसं दिसणार कोणाला? म्हणून शेजारी मोठ्या आकाराचे फोटो लावायचे ठरलं. आधी तीन नमुने द्यायचे, निवड समिती बघणार, मग पुढचं.

"ताई, फोटो दोन फूट मोठा होणार म्हणतात," घरत म्हणाले. "तेवढ्यात माझ्या चुका दिसतील त्या दिसू द्या. पण रंग माझा पायजे."

एवढ्या लहान वस्तूचा फोटो काढणं ही सोपी गोष्ट नाही. भिंग इतकं जवळ न्यावं लागतं की नाक स्पष्ट आलं तर कान धूसर होतो. म्हणून कॅमेरा जागचा न हलवता एकेका माणसाचे वीस-बावीस फोटो काढायचे, दर वेळी स्पष्टतेची जागा केसभर मागे सरकवायची, आणि मग कॉम्प्युटरनं सगळ्यांतला स्पष्ट भाग तेवढा उचलून एक फोटो जोडायचा. मी तीन माणसं निवडली. त्यांतली एक टोपलीवाली बाई होती. फोटो जोडले, सवयीनं ते बटण दाबलं, आणि पाठवून दिले. रेवतीबाईंचा फोन आला, "काय चेहरा आहे हो त्या बाईचा! निमंत्रणपत्रिकेवर हाच घेऊ या."

पत्रिकेचा कच्चा नमुना घेऊन घरत माझ्याकडे आले. टेबलावर ठेवला. बसले नाहीत.

"ही कोण?"

"तुमची टोपलीवाली."

त्यांनी डब्यातून ती बाई काढली, खिशातून भिंग काढलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. तुरीच्या दाण्याएवढा तो चेहरा मी पहिल्यांदा नीट बघितला. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर बारीक बारीक खड्डे होते. एका केसाच्या ब्रशनं त्यांतल्या प्रत्येकाला सावली दिलेली होती.

"ही माझी आय. तिला लहानपणी देवी आलेल्या. फोटो नाही तिचा एकही. सगळे वण मी आठवून आठवून घातले, तीन महिने लागले. डाव्या गालावर जास्त होते." मग पत्रिकेवर बोट ठेवून म्हणाले, "ही कोणतरी दुसरी बाई आहे. चांगली आहे दिसायला. पण मी हिला ओळखत नाही."

सॉफ्टवेअरला ते वण धुळीचे कण वाटले होते. त्यानं ते पुसले, गाल गुळगुळीत केले आणि जाता जाता डोळेही थोडे मोठे केले. माझ्या समोर केलं आणि मला दिसलं नाही. जे काम मी एकतीस वर्षं हातानं केलं, तेच ते करत होतं. मला खटकणार तरी कसं?

मी घरतांची माफी मागितली. ते म्हणाले, "माझी नको. फोन करा त्या बाईंना."

फोन करणं जड गेलं. समितीनं निवड त्याच फोटोंवरून केली होती. रेवतीबाई म्हणाल्या, "मग तर मला सगळं पुन्हा समितीपुढे ठेवावं लागेल. निवड होईलच असं नाही सांगता येत. दहा दिवसांत खरे फोटो द्या."

दुसऱ्या दिवसापासून घरत रोज सकाळी डोंबिवलीहून यायला लागले. मी चार सॉफ्टवेअर पुढ्यात घेतली. एक ऋचाचं बटणवालं. दुसरं जगभर सगळे वापरतात ते, दर महिन्याला वर्गणी भरायचं. तिसरं एकदा विकत घेऊन टाकायचं, माझ्याकडे लॅबच्या दिवसांपासून पडून असलेलं. चौथं फुकट, कुठल्या कुठल्या हौशी लोकांनी मिळून केलेलं, ज्याच्यात साधं फोटो कापायचं हत्यार शोधायला मला एक अख्खा दिवस लागला होता. घरतांच्या आईचा आणि विडीवाल्या म्हाताऱ्याचा असे दोनच फोटो चारांतून काढायचे, आणि मूळ माणसं पडद्याशेजारी ठेवून बघायचं असं ठरलं.

रंग कसा बघायचा ते मला घरतांनी शिकवलं. खिडकीतला सकाळचा दहानंतरचा उजेड, ऊन थेट नको. अंगात भडक कपडा नको. मी हिरवी साडी नेसले होते तर त्यांनी मला वर पांढरी चादर गुंडाळायला लावली. रंगाकडे तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टक लावून बघायचं नाही. बघायचं, मग करड्या पुठ्ठ्याकडे बघून डोळे विसावू द्यायचे, मग परत.

"जास्त बघितलं की डोळा रंगाशी तडजोड करायला लागतो," ते म्हणाले. "कारखान्यात नवीन पोरं तिथंच फसायची."

बटणवालं पहिल्याच दिवशी बाद झालं. त्यातलं सुधारणं बंद केलं तरी फोटो बाहेर काढताना ते गुपचूप गाल थोडे पुसायचंच. वर्गणीचं खरोखर सरस होतं. पण त्याच्यात आता प्रत्येक पायरीवर 'हे मी करून देऊ का?' असं विचारणं आलेलं. मी दोनदा चुकून हो म्हटलं आणि दोनदा म्हाताऱ्याची विडी गेली. तिसरं बरं होतं, पण माझ्या जुन्या दिवसांचं. लाल रंग थोडा गुलाबी करून लग्नाचे फोटो गोड दिसावेत अशी त्याची घडण. लुगड्याचा लाल काठ बघून घरत लगेच म्हणाले, "हे नवीन लुगडं कोणी नेसवलं हिला?"

उरलं फुकटचं. दिसायला गबाळं, बटणं भलत्या जागी, आणि कुठे काही अडलं तर विचारायला कोणी नाही. पण त्याला सांगितल्याशिवाय ते काही करत नव्हतं. मी सांगितलं तेवढंच करायचं आणि काय केलं त्याची यादी बाजूला दाखवायचं. फोटोत शेजारी ठेवलेल्या करड्या पुठ्ठ्यावरून रंग बेतला, उजेड किंचित वाढवला, संपलं. नवव्या दिवशी घरतांनी पडद्याकडे बघितलं, पुठ्ठ्याकडे बघितलं, बाईकडे बघितलं.

"हां. ही आय."

समितीपुढे ते फोटो गेले. एका सदस्यांना चेहरा खडबडीत वाटला, आधीचा बरा होता असं ते म्हणाले. रेवतीबाई स्वतः माझ्या घरी आल्या, भिंगातून ती बाई बघितली आणि प्रदर्शनातला घरतांचा कोपरा कायम केला. पत्रिकेवर मात्र आई आली नाही, दुसऱ्या कोणाची तरी होडी आली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग प्रदर्शनासाठी आणि त्याच्या पुस्तिकेसाठी सगळ्या माणसांचे फोटो काढायचं काम दोन महिने चाललं. त्यात एक गोष्ट मला खटकत होती. मिठाचे ढीग फोटोत निळसर येत. मी उजेड तपासला, पुठ्ठा बदलला. शेवटी घरतांना विचारलं. त्यांनी ढीग आणि पडदा शेजारी शेजारी बघितले. "एकसारखेच आहेत. मीठ पांढरंच आहे, ताई." रंगाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती. फोटो ढिगासारखा आला होता, माझं काम तेवढंच होतं.

काम संपल्यावर त्यांनी दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. पुस्तिकेची पानं तपासायला म्हणून महिन्याभरानं आले. पहिलं पान उघडलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"काय झालं?"

"निळं आहे." त्यांनी पान उलटलं. "हे पण. हे पण. सगळं मीठ निळं आहे."

त्यांनी डबा उघडला. पोराशेजारचा ढीग बाहेर काढून खिडकीत धरला. तो तितकाच निळा होता. मोतीबिंदूनं डोळ्यावर पिवळट पडदा धरला होता. पांढरा रंग त्यांना पिवळा दिसायचा, म्हणून पांढरा दिसेपर्यंत ते त्यात निळा घालत गेले होते. किती वर्षं, त्यांनाही सांगता येईना.

"कारखान्यात शेवटची चार-पाच वर्षं..." म्हणता म्हणता त्यांनी ढीग डब्यात परत ठेवला. मग म्हणाले, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरात निळा काढता येतो ना?"

येतो. मिठाचे ढीग तेवढे निवडायचे आणि एक खुंटी सरकवायची. सगळ्या फोटोंचं मिळून एका दुपारचं काम.

"मग काढा."

मी म्हटलं, "शेजारी कपाटात ढीग निळाच राहील. लोक दोन्ही बघतील."

"माझं काम आहे, मी सांगतो ना! मिठागरात लहानाचा मोठा झालो आणि मला मिठाचा रंग कळेना, हे छापू मी?"

मी माऊसवर हात ठेवला आणि काढून घेतला. "तुम्ही ढीग परत रंगवा. मी सगळे फोटो नव्यानं काढते. पण ढीग आहे तसा ठेवून फोटोतला रंग मी बदलणार नाही."

"त्या बटणानं बदललं तेव्हा चाललं!"

"नव्हतं चाललं. तुम्हीच सांगितलंत."

घरत डबा घेऊन निघून गेले. जाताना चपला घालायला त्यांना बराच वेळ लागला, मी दारात उभी होते. मला वाटलं, हे परत यायचे नाहीत. एका गिऱ्हाइकाचं न ऐकण्याची माझी ही पहिलीच वेळ होती, आणि ते चुकीच्या माणसाशी केलं की काय असंही वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी फोन आला. त्यांनी एक ढीग खरवडून पांढरा रंगवला होता. "रंग बरोबर आला, ताई. पण शेजारचं पोर आता ओळखू येत नाही. त्याची कातडी, लंगोटी, सगळं त्या निळ्याला धरून जमवलेलं. एक बदललं की सगळंच बदलावं लागतंय. आता एवढा धीर नाही. तो ढीग परत निळा केला मी."

"मग पुस्तिकेत?"

"आहे तसं राहू दे. खाली एक ओळ घाला. लिहून घ्या." त्यांनी सावकाश सांगितलं, "'मिठाचा रंग कारागिराला त्या वेळी दिसला तसा. नंतर त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.'"

रेवतीबाईंनी ती ओळ तशीच छापली. प्रदर्शनात बरेच लोक ती वाचून हसत, मग वाकून पुन्हा ढिगाकडे बघत. घरत बाजूला खुर्चीवर बसून असत आणि कोणी विचारलं तर पूर्ण हकीकत सांगत. ऑपरेशननंतर केलेली दोन माणसं त्यांनी मुद्दाम शेजारी ठेवली होती, पांढऱ्याशुभ्र मिठात उभी.

घरतांचं बघून मीही डोळे तपासून घेतले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दिवा मारून बघितलं आणि म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, काकू. बऱ्यापैकी वाढलाय. रंग वेगळे दिसतात का तुम्हाला?"

मी म्हटलं, "ते मला कसं कळणार?"

त्या हसल्या आणि ऑपरेशनची तारीख दिली. पुढच्या महिन्यात आहे. घरी येऊन मी गेल्या काही वर्षांतली सगळी कामं कॉम्प्युटरवर उघडली. दागिने, राख्या, मूर्ती, घरतांची माणसं. मला सगळी ठीक दिसली. मूळ फोटो, ज्यांना मी हात लावलेला नाही, ते एका वेगळ्या डिस्कवर उतरवले आणि ती डिस्क ऋचाकडे ठेवायला दिली.

"यात काय आहे?" तिनं विचारलं.

म्हटलं, "मी काही करायच्या आधीचं सगळं."